४ राउंडला ७:४०, पुढं सरकतच नाही

पूर्वभाग_एक्सप्रेस
२१ नोव्हेंबर

नमस्कार. वय १६, अकरावी. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहतो. घरात तेलुगू बोलतो, मराठी चुकली तर सांभाळून घ्या.

साडेसतरा झाले की अग्निवीरला उतरायचं आहे. तिथं १.६ किमी पळायचं असतं, म्हणजे जवळपास एक मैल. ५:३० च्या आत आलं तर ६० पैकी ६०. माझं ७:४०, ग्राउंडचे ४०० मीटरचे ४ राउंड.

दोन महिने झाले पळायलोय. रोज पहाटे साडेपाचला ग्राउंडवर जातो, ४ राउंड जीव खाऊन मारतो आणि घरी येतो. रविवारी पण सुट्टी नाही. पहिल्या महिन्यात ९ मिनिटांवरून ७:४० वर आलो. तेव्हापासून तिथंच. काल मित्रानं मोबाइलवर एकेक राउंड लावला: १:२५, १:५५, २:१०, २:१०. तिसऱ्याला छाती भरते आणि उजवीकडं पोटात चमक मारते. आठवडाभर दोन्ही नडग्या पण दुखायल्यात. बूट शाळेतले पांढरे कॅनव्हासचे आहेत.

अकॅडमी लावल्याशिवाय होतच नाही म्हणतात. फी विचारलो आणि गप घरी आलो. अम्मा विड्या वळते, नाना (वडील) टॉवेलच्या कारखान्यात आहेत. अकॅडमी न लावता काय करता येईल?

कडक_भाकरी
२१ नोव्हेंबर

जास्त डोकं लावू नको बे. रोज पळायचं, बस. थंडीत जर्किन घालून पळ, घाम निघाला की अंग हलकं होतंय. आमच्या बॅचला सगळे असंच करायचे.

८००वाली
२१ नोव्हेंबर, रात्री

जर्किननं फक्त पाणी जातं भाऊ, तांब्याभर प्यायलं की वजन परत जागेवर. थंडीत तरी निभतं. हेच पोर एप्रिलमध्ये सोलापुरात जर्किन घालून पळालं तर चक्कर येऊन पडेल.

एक्सप्रेस, आता तुझं. मी बार्शीकडची, सध्या पोलिसात आहे, ड्युटी दुसऱ्या जिल्ह्यात. मुलींना पोलिस भरतीत ८०० मीटर असतं. पहिल्या भरतीला मी पहिले ४०० मीटर ७४ सेकंदांत काढले. सगळ्यांच्या पुढं! बाहेरून भाऊ शिट्ट्या मारत होता. दुसऱ्या ४०० ला १११ सेकंद लागले. शेवटच्या वळणावर तर पाय माझे आहेत की दुसऱ्या कुणाचे, तेच कळेना. ते वर्ष गेलं. त्याआधी सहा महिने एका अकॅडमीत होते (नाव घेत नाही). तिथं रोज सकाळी टायमिंग लावायचे आणि शेवटी येणाऱ्याला उठाबशा. पैसे भरून मी तेच केलं जे तू फुकटात करतोयस. तेव्हा फीचं वाईट वाटून घेऊ नको.

तुझे आकडे बघ. ७:४० चे चार सारखे भाग केले तर एक राउंड १:५५ चा. तू पहिला १:२५ ला काढतोस, म्हणजे तीस सेकंद उधार घेतोस आणि तिसऱ्या-चौथ्याला फेडत बसतोस. पुढच्या वेळी टायमिंग लावशील तेव्हा फक्त एवढं कर, पहिला राउंड १:५५ ला काढ. इतका हळू वाटेल की लाज वाटेल. शेजारचं पोरगं पुढं जाईल, जाऊ दे.

१९५४ साली रॉजर बॅनिस्टर ४ मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस ठरला, ३:५९.४. त्याच्यापुढं वेग धरायला ब्रॅशर नावाचा मित्र होता. सुरुवातीलाच बॅनिस्टर मागून ओरडला, ‘जोरात!’ पाय ताजे, त्यामुळे त्याला वेग कमी वाटत होता. ब्रॅशरनं ऐकलंच नाही, ठरलेल्या वेगानं पळत राहिला. पहिला राउंड बरोबर होता, ओरडणारा चुकला होता. आपल्यापुढं ब्रॅशर नसतो, म्हणून हातात घड्याळ.

दुसरं म्हणजे रोजची परीक्षा बंद. टायमिंग महिन्यातून एकदाच लाव. मैल म्हणजे लांबवलेले १०० मीटर नाहीत. सहा-सात मिनिटांची धाव बरीचशी श्वासावर चालते, आणि श्वास वाढतो सावकाश पळून. मित्राबरोबर पळ आणि तेलुगूत गप्पा मार. वाक्य अर्धवट तुटायला लागलं की वेग जास्त झाला. असं आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला वीस मिनिटं, नंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढव. त्यातल्या रविवारी जरा लांब जा, तुमच्याकडून सिद्धेश्वर तळ्यापर्यंत जाऊन परत ये. मध्ये चाललास तरी चालेल.

जोरात पळायचं फक्त मंगळवारी. आधी दहा मिनिटं हळू पळून अंग गरम कर. मग अर्धा राउंड जोरात, अर्धा चालत, असे आठ. आठवा पहिल्याएवढ्याच वेळात निघाला पाहिजे. पाचव्यालाच मेलास तर चूक पहिल्यात आहे. तीन-चार आठवड्यांनी अर्ध्याच्या जागी पूर्ण राउंड कर, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं चाल. उरलेले दिवस आराम. आराम म्हणजे क्रिकेट नाही.

हे सगळं नडगी थांबल्यावर. आठ-दहा दिवस पळू नको, सायकल चालव. बोट ठेवल्यावर हाडावर एकाच ठिकाणी दुखत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर सरळ हाडाच्या डॉक्टरला दाखव. तिथं अंगावर काढायचं नाही. आणि बूट बदल. महागाचे नकोत, पण पळायचेच घे. कॅनव्हासचा तळ पातळ असतो, सगळा दणका नडगीवर.

ग्राउंडवर जायच्या आधी काय खातोस?

पूर्वभाग_एक्सप्रेस
२२ नोव्हेंबर

ताई एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. चहा आणि दोन खारी खातो, पाच वाजता.

८००वाली
२२ नोव्हेंबर

मग चमक मारणारच. पाणी पी आणि जा, फार तर अर्धं केळ. खारी आल्यावर. खारीपेक्षा भाकरी आणि शेंगाचटणी बरी, सोलापुरात राहून हे मी सांगायचं?

भोंगा_६८
२२ नोव्हेंबर

मी लक्ष्मी-विष्णू मिलमधला जुना माणूस, वय ६८. गुडघे गेले, आता फक्त चालतो. मला एक सांग बाळा, तुझ्या ग्राउंडचा एक राउंड ४०० मीटर आहे हे तुला कोणी सांगितलं? मोबाइलवरचं अंतर वळणावर फसतं. सायकल घे, पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हला चिंधी बांध. चाकाचा एक फेरा जमिनीवर शिंप्याच्या टेपनं मोज. मग सायकल हातात धरून ज्या रेषेवरून पळतोस त्याच रेषेवरून चालत जा आणि चिंधी किती वेळा खाली आली ते मोज. मोजताना कुणी हाक मारली तर ओ देऊ नको, आकडा विसरतो.

पूर्वभाग_एक्सप्रेस
२४ नोव्हेंबर

काका, घोटाळा झाला.

एक फेरा २ मीटर ७ सेंटिमीटर. फेरे १७८. दोनदा मोजलो, दुसऱ्यांदा मित्राला मोजायला लावलो. राउंड ३६८ मीटरचा निघाला. म्हणजे ४ राउंड १,४७२. मैलाला बरंच कमी. त्याच हिशोबानं १,६०० ला माझं ७:४० नाही, ८:२० आहे.

काल जेवण गेलं नाही.

भोंगा_६८
२४ नोव्हेंबर

जेव. भरतीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलं. ४ राउंड आणि वर १२८ मीटर, तिथं चुन्याची खूण कर.

कडक_भाकरी
२४ नोव्हेंबर

काका, आमच्या बॅचनं पण त्याच ग्राउंडवर प्रॅक्टिस केली असणार बे. आता कळलं आमचं काय झालं ते.

पूर्वभाग_एक्सप्रेस
१९ जानेवारी

दोन महिन्यांनी लिहायलोय. मधे दहा दिवस पळालो नाही, सायकल चालवलो. गड्ड्याच्या जत्रेत तीन दिवस बुडाले, खरं सांगतो. नानांनी दिवाळीच्या बोनसमधल्या उरलेल्या पैशांतून बूट घेऊन दिले.

काल टायमिंग लावलो. १:४२, १:४५, १:४७, १:४३, आणि वरचे १२८ मीटर ३४ सेकंदांत. एकूण ७:३१. पहिल्या राउंडला सहा जण माझ्या पुढं होते. तिसऱ्या राउंडच्या शेवटी एकच.

कडक_भाकरी
१९ जानेवारी

दोन महिन्यांत नऊ सेकंद? 😄

पूर्वभाग_एक्सप्रेस
१९ जानेवारी

एकोणपन्नास. चिंधी अजून सायकलला आहे, ये मोजायला.

८००वाली
१९ जानेवारी

शेवटचा राउंड तिसऱ्यापेक्षा फास्ट आहे, म्हणजे अंगात अजून आहे. पुढच्या महिन्यात पहिला १:४० ला काढून बघ, त्याच्या आत नको. ५:३० ला अजून दोन मिनिटं आहेत, तुझ्याकडं वर्षाहून जास्त. आणि नडगीचं काहीच लिहिलं नाहीस.

पूर्वभाग_एक्सप्रेस
१९ जानेवारी

डावी बरी आहे. उजवी जिने उतरताना थोडी. बोट ठेवलं तर एका जागी नाही, सगळीकडं थोडं थोडं.

८००वाली
१९ जानेवारी

मग हा मंगळवार सोड. सायकल.