नुसतं बघून मुलं पळत नाहीत

'आईवडील स्वतः व्यायाम करत असले की मुलं बघून बघून शिकतात' असं मुलांना व्यायामाची सवय कशी लावायची यावरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. मी चार वर्षं रोज पहाटे पळायला जात होतो. लेकाने त्यातलं काय पाहिलं? दारात काढलेले घामट बूट. मी परतायचो तेव्हा साहेब गाढ झोपेत! फरक पडला तो माझा गुडघा दुखायला लागल्यावर. पळणं बंद झालं, म्हणून संध्याकाळी त्याला घेऊन नुसतं चेंडू फेकायला खाली उतरू लागलो. आता सहाच्या ठोक्याला लेकच चेंडू काखेत मारून दारात उभा असतो. मला कंटाळा आला तरी सुट्टी नाही.

राहिला मुलांच्या व्यायामासाठी 'रोज तासभर वेळ कुठून आणायचा' हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान ६० मिनिटं सांगितलीत खरी, पण ती आठवड्याची सरासरी आहे. श्वास वाढेल अशी हालचाल हवी, सलग तासभर हवी अशी अट नाही. दहा मिनिटांची पकडापकडीही हिशेबात धरायची.