मदत हवी आहे : ‘सेट’ हा एक शब्द मुलींना कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला महाल भागात राहते. संध्याकाळी आठवीतल्या, मराठी शाळेच्या चार मुली माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. परवा एकीने वहीत ‘द सन सेट्स’चा अर्थ लिहिला, ‘सूर्याचा संच’. गणितात सेट म्हणजे संच हे तिला पक्कं पाठ आहे, तिची चूक कशी म्हणू? ऑक्सफर्डच्या १९८९ सालच्या २० खंडी कोशात सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती.

मूळ शोधलं तेव्हा थोडा उजेड पडला. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्यावरून ‘सेट’ म्हणजे बसवणे. हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, तिथे इंग्रजीत सेटच. हे मुलींना लगेच पटलं. संच या अर्थाचा सेट मात्र जुन्या फ्रेंचमधून आलेला, मुळात वेगळा.

पुढे गाडी अडते. इंग्रजीत सगळीकडे सेटच, पण मराठीत घड्याळ आपण लावतो, दही लागतं, सूर्य मावळतो, पेपर काढतात. मग मी उलट विचारलं, आपल्या ‘लागणे’चे अर्थ सांगा. भूक लागते, ठेच लागते, ऊन लागतं, झाडाला संत्री लागतात. एकीचं संपेना तोच दुसरी सुरू! घोकल्याशिवाय येतंय की आपल्याला, असं त्याच म्हणाल्या.

शिक्षक मंडळींनी कृपया सांगावं, एका वेळी किती अर्थ द्यावेत? आणि अर्थ आधी की वाक्य आधी? तुमच्या वर्गात जमलेली वाक्यं असतील तर नक्की द्या, शनिवारी पुन्हा हाच धडा घेणार आहे.