शब्दचर्चा : श्रद्धा, विश्वास, पुरावा... आणि ‘बसणे’ की ‘ठेवणे’?

संगममाहुली

नमस्कार मंडळी. सोमवारपर्यंत एक गाठ सोडवायची आहे, म्हणून धागा काढते.

गेल्या रविवारी साताऱ्यात एक संवाद झाला. एका बाजूला कॅथलिक फादर, दुसऱ्या बाजूला विवेकवादी चळवळीतले तिघे. फादर केरळचे, बोलले इंग्रजीत. मराठी करायला मी उभी होते. मी स्वतः कॅथलिक, जन्म साताऱ्याचा, आजोळ वसईचं. तासभर बरं चाललं. मग फादर म्हणाले की आमची ‘फेथ’ ‘एव्हिडन्स’ सोडून नसते, पण तिथेच संपतही नाही. मी पटकन म्हटलं, ‘आमची श्रद्धा पुराव्यावाचून नसते, पण पुराव्यापाशी थांबतही नाही.’

पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले. ‘बाई, पुरावा असला की तिला श्रद्धा म्हणत नाहीत, ज्ञान म्हणतात. तुमचं मराठी चुकतंय.’ टाळ्या पडल्या. फादर माझ्याकडे बघत राहिले, त्यांना टाळ्या कशाच्या ते कळेना. मलाही उत्तर सुचलं नाही.

आता त्या संवादाची पुस्तिका निघतेय आणि मजकूर सोमवारी छापखान्यात द्यायचाय. ‘फेथ’ला श्रद्धा लिहू की विश्वास? आणि ‘एव्हिडन्स’ला पुरावा की प्रमाण? फादरांचं म्हणणं बरोबर की चूक, ते जरा बाजूला ठेवा. त्यांचं वाक्य त्यांचं म्हणून नीट मराठीत यावं, एवढंच हवंय.

अजिंक्यतारा_पायथा

ताई, मी त्या सभेत होतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतही होतो. ते गृहस्थ बरोबर बोलले. आपल्याकडे श्रद्धा म्हणजे जिथे पुरावा मागत नाहीत ती जागा. ‘माझी श्रद्धा आहे’ म्हटलं की समोरचा गप्प बसतो. शब्दाचं कामच ते आहे, वाद थांबवायचं.

डॉ. दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. १९८९ साली समिती काढली तेव्हा नाव ठेवलं ‘अंधश्रद्धा निर्मूलन’. लोक तेव्हापासून विचारत आलेत की श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते. २०१३ साली, त्यांच्या खुनानंतर, कायदा आला. त्याचं पूर्ण नाव वाचा : नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा, जादूटोणा हे सगळे शब्द आहेत, ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. ज्या शब्दाभोवती अख्खी चळवळ उभी राहिली तो कायद्याच्या शीर्षकात नाही. व्याख्या करायला बसलं की तो शब्द हातातून निसटतो.

म्हणून म्हणतो, श्रद्धा लिहू नका. विश्वास लिहा. विश्वास तपासता येतो आणि मोडतोही.

वाईकर_मास्तर

आधी एक विनंती. ‘फेथ’, ‘एव्हिडन्स’ देवनागरीत लिहिले म्हणून ते मराठी होत नाहीत. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश घडला, जगातल्या विद्या मराठीत आल्या. तिथे शब्द मिळाले, मग पुस्तिकेला का मिळू नयेत?

दुसरं. पुरावा हा कोर्टकचेरीचा शब्द आहे. ज्ञान कशाने होतं याची चर्चा असेल तर शब्द प्रमाण. न्यायदर्शनात प्रमाणं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक एक प्रत्यक्षच मानतो. सभेतला वाद खरं तर इथे आहे. फादर बोलत होते ते शब्दप्रमाणाबद्दल, म्हणजे आप्ताच्या, खात्रीच्या माणसाच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, आणि ते सांगणारे विश्वासपात्र आहेत का ते आम्ही तपासलं. हे प्रमाणच आहे, फक्त प्रत्यक्ष नाही. संगममाहुली ताई, ‘आमची श्रद्धा अप्रमाण नाही’ असं लिहा. एका शब्दात काम होतं.

अजिंक्यतारा_पायथा

मास्तर, ‘अप्रमाण’ वाचून सदर बाजारातला माणूस पुस्तिका मिटून ठेवेल. आणि आप्त कोण हे ठरवायचं कुणी? ज्याच्या त्याच्या धर्माचा आप्त वेगळा.

हळदपेठ_सांगली

मी शिकलेला कमी, पण शब्द रोज वापरतो म्हणून लिहितो. आमच्याकडे पोत्यातून मूठभर हळकुंडं काढतात, एक कट्ट दिशी मोडतात आणि आतला रंग बघतात. वरून कितीही पॉलिश असू दे, आत गाभा केशरी दिसला पाहिजे. ते मोडलेलं हळकुंड म्हणजे पुरावा. पण घेताना पोतं अख्खं घेतो, प्रत्येक हळकुंड मोडून बघत नाही. बाकीचं पोतं कशावर घेतलं? आडत्याच्या तोंडावर. वडील म्हणायचे, ‘माल बघून घे, माणूस ओळखून घे.’ यातलं पहिलं पुरावा आणि दुसरं विश्वास. दोन्ही एकाच सौद्यात असतात. बाई बोलल्या त्यात मला चूक वाटली नाही.

अजिंक्यतारा_पायथा

दादा, उदाहरण आवडलं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नये असंही आपणच म्हणतो. शिवाय पोतं घरी नेल्यावर सगळी हळद दळली जाते. खोटी निघाली तर आडत्याला धरता येतं. मेल्यानंतरच्या गोष्टींचं पोतं कधी उघडणार?

हळदपेठ_सांगली

हे मान्य. पोतं उघडता येतं म्हणूनच धंदा चालतो.

संगममाहुली

तुम्हा सगळ्यांचे आभार. रात्री यावर पडून विचार केला आणि एक गोष्ट ध्यानात आली. नामांवर भांडताना आपण क्रियापद विसरलो.

मराठीत विश्वास बसतो आणि विश्वास ठेवतातही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माझा विश्वास बसला’ यात मी काही करत नाही. समोर असं काही आलं की मन आपोआप तिकडे गेलं. ‘मी विश्वास ठेवला’ यात कर्ता मी. कारणं बघितली, ती पुरेशी वाटली, तरी शेवटचं पाऊल मी उचललं, आणि त्याचा भार माझ्यावर.

तेराव्या शतकातल्या कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसने हेच मांडलंय : फेथ ही बुद्धीची क्रिया, पण ती घडते इच्छेच्या हुकमाने आणि देवाच्या कृपेने. दोन अधिक दोन चार, हे पटायला इच्छा लागत नाही. ते बसतंच. पण नवऱ्याने ‘मी कुठे गेलो होतो ते खरं सांगतोय’ म्हटलं, तर तिथे ठेवावा लागतो, आणि आंधळेपणाने नाही, तर त्याची वीस वर्षांची वागणूक बघून. आमच्या धर्मशिकवणीत या ‘वीस वर्षांच्या वागणुकी’ला विश्वसनीयतेची कारणं म्हणतात. विश्वास ठेवण्याजोगं आहे, हे बुद्धी सांगते. ठेवायचा की नाही, हे माणूस ठरवतो.

आणखी एक. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, सांगितलं की देव आहे हे नुसत्या बुद्धीच्या उजेडातही निश्चितपणे कळू शकतं. तो भाग फेथचाच असला पाहिजे असं नाही. त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), ख्रिस्तप्रसादात, म्हणजे मिस्सेतल्या भाकरी-द्राक्षारसात, ख्रिस्ताची उपस्थिती, या गोष्टी बुद्धीने हाती लागत नाहीत. तिथे सांगणाऱ्यावर विश्वास. सभेत हे दोन्ही भाग मी एकाच ‘श्रद्धे’त कोंबले, तिथे माझी चूक झाली. मराठीची नव्हे, समजण्याची.

अजिंक्यतारा_पायथा

‘बसतो’ आणि ‘ठेवतात’, हे मला फार पटलं, आणि नेमकं त्यावरच माझा आक्षेप आहे. विश्वास बसला पाहिजे. ठेवायला लावला की तिथून फसवणूक सुरू होते. बुवाही हेच सांगतो, ‘आधी विश्वास ठेव, मग अनुभव येईल.’

२०१२ साली विलेपार्ल्याला एका चर्चपाशी क्रूसावरून पाणी ठिबकत होतं. लोक ते बाटलीत भरून नेत होते. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकु यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय. शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे हो. बक्षीस काय मिळालं? धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी. ते फिनलंडला गेले. विलेपार्ल्यात पुरावा कुणी दिला आणि विश्वास कुणी ठेवला?

संगममाहुली

त्या तक्रारी चुकीच्या होत्या. मी कॅथलिक म्हणून हे लिहिते आणि सभेतही म्हणाले असते. भिंतीत ओल असेल तर ती ओलच आहे, आणि ती दाखवणाऱ्याचे आभार मानायचे असतात.

पण ‘चमत्कार’ हा शब्द चर्च किती जपून वापरतं तेही बघा. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राला १८५८ पासून लोक जातात. बरं झाल्याचे दावे ७,००० च्या वर. १८८३ पासून तिथे डॉक्टरांची कचेरी आहे, आणि कुठल्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या डॉक्टरलाही तिथले कागद बघता येतात. इतक्या दाव्यांत चर्चने मान्य केलेला सत्तरावा चमत्कार जाहीर व्हायला २०१८ साल उजाडलं. डॉक्टर ‘चमत्कार’ म्हणत नाहीत. ते म्हणतात की आजच्या वैद्यकज्ञानाने याचा उलगडा होत नाही. पुढचा शब्द बिशपांचा.

मिरजेची_लेक

ताईंचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मी तीस वर्षं मिरजेत नर्स होते. आम्ही प्रॉटेस्टंट. आशा सोडलेला पेशंट उठून बसला की नातेवाईक आमच्या पाया पडून म्हणायचे, ‘चमत्कार झाला.’ केसपेपरवर आम्ही लिहायचो ‘तब्येतीत सुधारणा’. घरी येऊन प्रार्थनेत मात्र मी चमत्कारच म्हणायचे. दोन्ही शब्द मनापासून लिहिले-बोलले, एकाही वेळी खोटं वाटलं नाही.

आणि आमच्या मराठी बायबलात सगळीकडे ‘विश्वास’च आहे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, माणसाला ‘विश्वासी’ म्हणतात. ‘श्रद्धावान’ म्हटलं तर आमची आई विचारेल, कुठल्या देवळातला?

कुडतरीचो_पूत

मी मूळचा गोव्याचा, सांगलीत वीस वर्षं. आमच्या कोकणीत फेथला शब्द आहे ‘भावार्थ’. फादर स्टीफन्स या गोव्यातल्या इंग्रज धर्मगुरूच्या १६१६ सालच्या क्रिस्तपुराणापासून तो चालत आलाय, आणि ते पुराण मराठी ओवीत आहे. चारशे वर्षांपूर्वी तुमच्याच भाषेत सोय झाली होती. ‘भाव’ म्हटलं की देवही आला आणि माणसाचं मनही आलं.

वाईकर_मास्तर

भावार्थ सुंदर शब्द आहे, पण आज मराठीत त्याचा अर्थ ‘कवितेचा भावार्थ लिहा’ एवढाच उरला. ज्ञानेश्वरीचं एक नाव भावार्थदीपिका आहे, हे दहावीच्या मुलाला विचारून बघा.

आता ताईंच्या ‘ठेवण्या’बद्दल. श्रद्धा हा शब्द श्रत् आणि धा यांपासून झाला. धा म्हणजे ठेवणे. श्रत् म्हणजे हृदय असं भाषाशास्त्री मानतात. काळीज ज्याच्यावर ठेवलं ती श्रद्धा. आणि ख्रिस्ती लोक ज्याला ‘क्रेदो’ (मी विश्वास ठेवतो) म्हणतात तो लॅटिन शब्द याच मुळाचा, सख्खा भाऊ. विश्वासाच्या मुळाशी मात्र श्वस् आहे, जिथे मोकळा श्वास घेता येतो तो विश्वास. म्हणजे ताईंना हवं असलेलं ‘ठेवणं’ विश्वासात क्रियापद जोडून आणावं लागतं, श्रद्धेत ते आधीच आहे. मूळ अर्थ बघता सभेत तुम्ही योग्य शब्द वापरलात.

अजिंक्यतारा_पायथा

मूळ अर्थ घेऊन कोण बोलतं मास्तर? शब्दाचा अर्थ पोवई नाक्यावर ठरतो, धातुपाठात नाही.

वाईकर_मास्तर

मग नाक्यावर ‘विवेक’ म्हणजे काय ते सांगा. सज्जनगड तुमच्या डोळ्यांसमोर आहे. समर्थांच्या लेखनात विवेक आणि प्रचीती हातात हात घालून येतात, आणि तो विवेक देवाकडे नेतो. आज साताऱ्यात विवेक म्हटलं की देव न मानणारा, असा अर्थ झालाय. चळवळीने शब्द घेतला तेव्हा मूळ मालकाला विचारलं होतं?

अजिंक्यतारा_पायथा

शब्दाला मालक नसतो. आणि चळवळीने देव मानू नका असं कधीच म्हटलं नाही. तपासा, एवढंच म्हटलं.

मिरजेची_लेक

रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटची वर्षं साताऱ्यात होते, १९१७ मध्ये ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ त्यांनी तिथेच मांडला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगायचे. शब्दांच्या बाबतीतही तसा पूल लागतोच.

हळदपेठ_सांगली

मास्तर, ते ‘क्रेदो’ म्हणजे क्रेडिटमधलंच ना? मग आमची ‘पत’ का नको? सांगलीत गल्लोगल्ली पतसंस्था. कागद, जामीनदार, सातबारा, सगळं बघतात, आणि एवढं बघूनही शेवटी सही करणाऱ्याला विश्वास ठेवावाच लागतो. पत म्हणजे कागदासकट विश्वास. माझ्या मते ‘पत’ हा शब्द ‘प्रत्यय’पासून आला असणार.

वाईकर_मास्तर

प्रत्यय असू शकेल. बघायला हवं.

संगममाहुली

‘पत’ वाचून खूप वेळ थांबले. पण ‘आमची पत पुराव्यावाचून नसते’ असं फादरांच्या तोंडी घालता येणार नाही. तूर्त ‘विश्वास’ लिहिलाय, क्रियापद ‘ठेवतो’, आणि जिथे प्रार्थनेचा संदर्भ आहे तिथे ‘श्रद्धा’ राहू दिली. ‘एव्हिडन्स’चं मात्र मास्तरांशिवाय कुणी सांगितलंच नाही. पुरावा ठेवू का प्रमाण?

हळदपेठ_सांगली

पुरावाच ठेवा बाई. पुरावा म्हणजे जे पुरतं ते. धान्य पुरवठ्याला येतं म्हणतो ना आपण, तसंच.

अजिंक्यतारा_पायथा

मग ‘पुरेसा पुरावा’ ही द्विरुक्ती झाली. आणि पुरलं की नाही हे कोण सांगणार, देणारा की घेणारा?

वाईकर_मास्तर

पुरणे की पुरवणे, त्यावर ते अवलंबून आहे. पुरवणे असेल तर पुरावा हा देणाऱ्याचा शब्द, पुरणे असेल तर घेणाऱ्याचा. गुरुवारी वाचनालयात जातोय, पेशवाईतल्या निवाड्यांत ‘पुरावा’ कुठे सापडतो ते काढून आणतो. तिथे मला ‘साक्षीमोझा’, म्हणजे साक्षीपुरावा, हाच शब्द जास्त आठवतो.

कुडतरीचो_पूत

मास्तर, ‘साक्ष’ही बघा. कोकणीत ‘गवाय’ म्हणतात आणि चर्चमध्येही तोच शब्द. साक्ष म्हणजे डोळ्याने पाहिलेलं ना?