वयात येण्याचा धडा पाचवीत नको, तर मग कधी?

खडूफळा
'दोन मुलींचा बाबा' यांनी काल येथे लिहिले की, त्यांच्या पाचवीतल्या मुलीच्या शाळेत 'शरीरातील बदल' या विषयावर तास झाला, तो निव्वळ निर्लज्जपणा होता, शाळेने गणित शिकवावे आणि 'बाकीचे निसर्ग शिकवतो. आम्हांला कोणी शिकवले होते?' या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप घालवली, म्हणून सविस्तर उत्तर देते.

मी 31 वर्षे विज्ञान शिकवले. वयात येण्याच्या पहिल्या खुणा मुलींमध्ये साधारणपणे 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात दिसू लागतात, आणि स्तनांची वाढ सुरू झाल्यापासून दोन-अडीच वर्षांत बहुतेकींना पाळी येते. म्हणजे पाचवीच्या वर्गातल्या काही मुली त्या वाटेला अगोदरच लागलेल्या असतात. राज्य मंडळाच्या पुस्तकात मानवी प्रजननसंस्था सविस्तर येते ती दहावीत. हे वरातीमागून घोडे झाले. आणि तो धडासुद्धा 'घरी वाचून या' असे सांगून उरकणारे सहकारी मी पाहिले आहेत.

निसर्ग कसा शिकवतो, तेही सांगते. माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा रोज परिपाठाला पसायदान म्हणत असे. एके दिवशी तिसऱ्या ओवीवर त्याचा आवाज चिरकला आणि सारी शाळा हसली. घरच्यांनी महिनाभर ज्येष्ठमध आणि खडीसाखर दिली. त्याने गाणेच सोडले. या वयात स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, म्हणून आवाज काही महिने ताब्यात राहत नाही, हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. मी ते सांगितले नाही, कारण तो भाग माझ्या इयत्तेच्या अभ्यासक्रमात नव्हता.

दोन मुलींचा बाबा
बाई, माझ्या लेखनातले सोयीचे तेवढेच आपण उचललेत. तास घ्यायला शिक्षिका नव्हत्याच. सॅनिटरी पॅड विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधी आल्या होत्या. मुलांना मैदानावर पिटाळले, मुलींना सभागृहात बसवून चित्रफीत दाखवली आणि प्रत्येकीच्या हाती नमुन्याचे पाकीट देऊन 'हे कोणाला दाखवू नका' असे बजावले. याला शिक्षण म्हणायचे की दुकानदारी? 2007 साली विधिमंडळात गदारोळ होऊन राज्याने पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रम थांबवला, तेव्हा विरोध करणारे सगळेच अडाणी नव्हते. वर्गात कोण येणार आणि काय दाखवणार, याची धास्ती आईबापांना असतेच. आणि गणिताचे म्हणाल, तर माझ्या धाकटीला अजून भागाकार येत नाही.

त्रैराशिक
गणिताचा एवढा आग्रह आहे म्हणून आठवण करून देतो की, र. धों. कर्वे गणिताचेच प्राध्यापक होते. त्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचे मासिक काढले, आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला तेव्हा, 1934 मध्ये, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली.

माझे खरे भांडण मात्र शब्दांशी आहे. झोपेत वीर्यस्खलन होणे ही त्या वयातली साधी शारीरिक घटना, तिला मराठीत 'स्वप्नदोष' म्हणतात. दोष कसला? मी चौदाव्या वर्षी वसतिगृहात हा शब्द पहिल्यांदा वाचला तो रेल्वेमार्गालगतच्या भिंतीवर, एका वैद्याच्या जाहिरातीत. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, हे ते प्रसिद्ध खोटे गणित माहीत होतेच. खाणावळीचे दोन महिन्यांचे पैसे चूर्णावर घालवले आणि घरी पाकीट मारल्याचे खोटे सांगितले. तो शब्दच पुस्तकांतून हद्दपार केला पाहिजे.

शब्दकोडे
शब्द हद्दपार करून चूर्णवाले उपाशी मरतील, ही आपली समजूत गमतीदार आहे. आपल्या भाषेत कंठ फुटणे, मिसरूड फुटणे, पदर येणे, न्हाण येणे असे किती सहज वाक्प्रचार होते. ते टाकून पुस्तकवाल्यांनी 'पीतपिंडकारी संप्रेरक' आणले, जे मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आमच्या आजीला संप्रेरक ठाऊक नव्हते, तरी तिला या विषयावर बोलताना अडखळताना मी कधी पाहिले नाही.

त्रैराशिक
आपल्या आजीचे कौतुक आहे. माझ्या आजीला न्हाण आले तेव्हा तिला मखरात बसवून मिरवले आणि पंधरा दिवसांत सासरी धाडले. ती बारा वर्षांची होती. त्या गोड शब्दांबरोबर काय काय येत असे, हे विसरून जुन्या मराठीचे उमाळे काढणे सोपे आहे. पुरुषांना तर फारच सोपे.

शब्दकोडे
मी पुरुष आहे असे आपण कशावरून ठरवलेत? मी स्त्री आहे, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत 'कावळा शिवला' म्हणून ओट्यावर बसलेली आहे. 'पाळी' हा साधा शब्द माझ्या घरात उच्चारायला माझी मुलगी मोठी व्हावी लागली. मला मराठी शब्द हवे आहेत, मखर नको आहे. एवढा फरक कळत नसेल तर चर्चा थांबवू.

त्रैराशिक
गृहीत धरले, ही चूक झाली. 'कंठ फुटणे' पुस्तकात यावे, हेही मान्य. 'स्वप्नदोष' मात्र जाऊ द्या.

खडूफळा
शब्दांचे आपण दोघे पाहून घ्या. बाबांनी सांगितलेला प्रकार त्यांच्या पहिल्या लेखनात असता, तर मी निम्मे उत्तर लिहिलेच नसते. नमुन्याची पाकिटे वाटणे हा तास नव्हे आणि 'कोणाला दाखवू नका' हे तर उफराटेच शिक्षण. परंतु मुले मैदानावर होती, याबद्दल आपण तक्रार केलेली नाही. त्याच मुलांनी उद्या आपल्या मुलीच्या फ्रॉकवरचा डाग पाहून हसू नये असे वाटत असेल, तर त्यांना आत बसवावे लागेल. एक तास एकत्र आणि त्यानंतर मुलामुलींना वेगवेगळे, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारू देणारा, असे मी शेवटची सहा वर्षे केले. सर्वांत जास्त चिठ्ठ्या मुलांच्या येत. बहुतेकींत 'माझी उंची का वाढत नाही' एवढेच असे, कारण मुलींची उंची साधारण दोन वर्षे आधी झपाट्याने वाढते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दोन मुलींचा बाबा
चिठ्ठ्यांची कल्पना बरी आहे, असे नाइलाजाने म्हणतो. पाचवीत की सातवीत, यावर माझे मत बदललेले नाही. 'कावळा शिवला' म्हणजे काय, असे धाकटीने परवा विचारले होते. मी 'आईला विचार' म्हणून सुटलो. ते पाकीट अजून कपाटात, माझ्या शर्टांखाली आहे.