डीव्हो ऐकायला सुरुवात कुठून करावी? 'फ्रीडम ऑफ चॉइस'बद्दल सल्ला हवा आहे

धागाकर्ता:
नमस्कार. क्राफ्टवर्क आणि टॉकिंग हेड्स यांचे बहुतेक अल्बम मी ऐकले आहेत. डीव्हो या अमेरिकी बँडचे मात्र 'व्हिप इट' एवढे एकच गाणे परिचयाचे आहे. या बँडच्या उपरोधाला खरोखर धार आहे का आणि सिंथेसायझरचे काम बारकाईने ऐकण्याजोगे आहे का, हे जाणकारांनी सांगावे. सुरुवात १९८० च्या 'फ्रीडम ऑफ चॉइस'पासून करावी की १९७८ च्या पहिल्या अल्बमपासून?

प्रतिसाद १:
निःसंशय 'फ्रीडम ऑफ चॉइस'पासून करावी, आणि तो सलग ऐकावा. बाराही गाणी मिळून अर्ध्या तासाहून थोडाच जास्त वेळ लागतो. स्टीव्ही वंडरच्या सत्तरच्या दशकातील गाजलेल्या अल्बमांवर सिंथेसायझरचे काम केलेला रॉबर्ट मार्गूलेफ इथे बँडसोबत सहनिर्माता आहे, आणि त्याचा परिणाम सर्वांत आधी खालच्या सुरांत जाणवतो, कारण बऱ्याच गाण्यांत बास गिटारची जागा मूग या सिंथेसायझरने घेतली आहे. त्या जाड, गुबगुबीत बासवर ॲलन मायर्स हाताने ड्रम्स वाजवतो, पण इतक्या काटेकोरपणे की यंत्रच वाजत असावे असे वाटते. माझ्या मते या अल्बमचा खरा आधारस्तंभ तोच आहे. 'गर्ल यू वाँट'मध्ये गिटार आणि सिंथेसायझर एकमेकांना कसे चिकटून चालतात, ते हेडफोन लावून अवश्य ऐकावे.

'व्हिप इट' लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतील हॉट १०० यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि ओहायोतील ॲक्रनचा हा बँड घरोघरी पोहोचला. अनेकांनी त्या गाण्याचा भलताच अर्थ लावला. प्रत्यक्षात बँडचा सदस्य जेराल्ड कसाले याला थॉमस पिंचनच्या कादंबरीतील विडंबन-कवितांवरून सुचलेले ते शब्द म्हणजे 'कंबर कसा, सगळे जमेल' या अमेरिकी आशावादाची खिल्ली आहे.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त उपरोधाविषयी थोडी भर घालतो. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, तेव्हा कसाले तिथे उपस्थित होता आणि मृतांपैकी दोघे त्याच्या ओळखीचे होते. माणूस पुढे जात नसून मागे घसरत आहे, ही या बँडची मूळ कल्पना आणि तिच्यामागचा संताप त्या दिवसापासून वेगळा काढता येत नाही. बँडच्या लाल पायऱ्यापायऱ्यांच्या टोप्या पाहून पुष्कळ श्रोते तिथेच थांबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. शीर्षकगीतातील कुत्र्याला दोन हाडे सापडतात. तो एक कुरतडतो, दुसरे चाटतो आणि गोल गोल फिरत शेवटी मरून पडतो. निवडीचे स्वातंत्र्य हाती असूनही निवड करण्यातूनच सुटका हवी असलेल्या समाजावरची इतकी नेमकी टीका मला त्या काळच्या पॉप संगीतात दुसरीकडे आढळली नाही.

उत्तरार्धातील एखाददुसरे गाणे साधारण आहे, परंतु 'गेट्स ऑफ स्टील' मुळीच चुकवू नये. तिथे गिटार पुढे येतात आणि बँडचा जुना आवेश परत येतो. तेच गाणे अधिक भावले, तर त्यानंतर ब्रायन ईनोने निर्मिती केलेला पहिला अल्बम घ्यावा. सिंथेसायझर अधिक भावला, तर १९८१ चा 'न्यू ट्रॅडिशनलिस्ट्स' आधी ऐकावा.