ब्रेक दाबून धरला की पेडलमागून 'सूंऽऽ' आवाज – पॅड की बूस्टर?

घाटवाट:
2014 ची डिझेल हॅचबॅक, 1,18,000 किमी. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पेडलच्या मागून हवा शिरल्यासारखा 'सूंऽऽ' आवाज सतत येतो, पाय काढला की बंद. ब्रेक लागतो, पण हल्ली जरा जोर द्यावा लागतो. ब्रेक ऑइलची पातळी ठीक आहे. मेकॅनिक पॅड बदलायला सांगतोय. बदलू का?

पाना_बारा:
पॅडचा आवाज चाकातून येतो आणि गाडी चालताना येतो. उभ्या गाडीत पॅड कशाला सूं करतील? थांबा, खर्च करू नका.

पेडल दाबताना क्षणभर 'फुस्स' होणं नॉर्मल आहे. पेडलच्या दांड्याभोवती रबरी बूट असतो, त्याच्या आत फोमचा फिल्टर. त्यातून बाहेरची हवा बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणारा डबा) मागच्या कप्प्यात जाते, पुढच्या कप्प्यात व्हॅक्यूम असतो, आणि या फरकामुळेच पायाला मदत मिळते. पेडल एका जागी स्थिर धरलं की हवेची वाट बंद होऊन आवाज थांबायला हवा. थांबत नसेल तर दोन कप्प्यांमधला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय किंवा आतल्या वॉल्व्हची सील बसत नाहीये.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून:
1. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत 5-6 वेळा दाबा. पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.
2. इंजिन 1-2 मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल सावकाश तीनदा दाबा. दर वेळी ते आधीपेक्षा वर थांबायला हवं. दुसऱ्याच वेळी दगड झालं तर व्हॅक्यूम टिकत नाही.
3. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच इंजिन बंद करा, 30 सेकंद थांबा. पेडल हलता कामा नये.

शिवाय ब्रेक दाबल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचं संथ चालणं) डगमगतं का तेही बघा.

डिझेलवाला:
आयडलिंगचं पेट्रोलला लागू. तिथे व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनला हवा नेणारा भाग) येतो, म्हणून गळती झाली की इंजिन अडखळतं. डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, कॅमशाफ्टच्या टोकाला नाहीतर अल्टरनेटरच्या मागे. बूस्टर पार फाटला तरी इंजिनला पत्ता लागत नाही.

पंपाकडून येणारी जाड नळी बूस्टरमधून काढून आत बोट फिरवा. इंजिन ऑइल लागलं तर ते पंपाकडून आलंय. त्याने डायफ्रामचं रबर फुगतं. मग नुसता बूस्टर बदलून काही महिन्यांत पुन्हा तेच. एकतर्फी वॉल्व्हही तपासा: बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा जावी, इंजिनच्या बाजूने अजिबात नाही. नळीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधू नका, आत व्हॅक्यूम आहे, पाणी आत ओढलं जाईल.

घाटवाट:
1 मध्ये पेडल खाली गेलं. 3 मध्ये दहाएक सेकंदांत पेडलने पाय वर ढकलला. नळी कोरडी, वॉल्व्ह ठीक.

पाना_बारा:
वर ढकलला म्हणजे व्हॅक्यूम गळतोय, बूस्टर गेला. (खाली बुडालं असतं तर मास्टर सिलिंडरवर, म्हणजे ब्रेक ऑइल दाबणाऱ्या भागावर, संशय घेतला असता.) पाय काढल्यावर आवाज थांबतो तेही याच्याशी जुळतं: पेडल सोडलं की दोन्ही कप्प्यांत व्हॅक्यूम असतो, फाटक्या जागेतून हवा ओढायला कारण उरत नाही.

बदलण्याआधी मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो पाईप न सोडता हलकेच पुढे ओढा. मागे ओल दिसली तर त्याची सीलही गेलीय, ते ऑइल बूस्टरमध्ये उतरतं. तेव्हा दोन्ही बदला. पाईप सोडावे लागले तर ब्लीडिंग (पाईपमधली हवा काढणं) आलंच.

डिझेलवाला:
बूस्टर उघडून दुरुस्त करून देणारे भेटतील, नको. पूर्ण असेंब्लीच घ्या. बसवताना बूस्टरचा पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात कंपनीने सांगितलेली फट राहायला हवी. रॉड लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, चाकं तापतात. म्हणून 5-6 किमी चालवून रिम जपून हात लावून बघा.

तोवर घाटात नेऊ नका. डायफ्राम पुरता फाटला तरी ब्रेक लागतील, पण पायाला दुपटीहून जास्त जोर लागेल.