अनुभव धागा : लिनक्स टाकताना फायली कशा सांभाळता?

विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ बसत नाही, पण मशीन ठणठणीत आहे, अशा ठिकाणी आता लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं जातंय. आपापल्या कामातलं नेमकं सांगा : फायली कुठे दडतात, कशामुळे जातात, काय केल्याने वाचतात. नावाऐवजी काम लिहा.

दुरुस्तीचं दुकान
‘सगळं डीमध्ये टाकलंय, सी उडवा’ असं गिऱ्हाईक सांगतं, आणि तिथेच घात होतो. बहुतेक लॅपटॉपवर सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इन्स्टॉलरमधला ‘इरेज डिस्क’ हा पर्याय अख्खी डिस्क पुसतो, डीसकट. जुन्या हार्ड डिस्कवरून टेस्टडिस्क किंवा फोटोरेक या पुसलेलं परत काढणाऱ्या प्रोग्रॅमनी थोडंफार परत मिळू शकतं. एसएसडीवर ट्रिम (पुसलेली जागा कायमची रिकामी करणारी आज्ञा) चालून गेलं की जवळपास काहीच नाही.

म्हणून दोन वस्तू वेगळ्या लागतात : लिनक्स टाकायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह (तो बनवताना पुसला जातो) आणि फायलींसाठी बाहेरची डिस्क. ती डिस्क एक्सफॅट या विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालणाऱ्या रचनेत फॉरमॅट करा. फॅट३२ ही जुनी रचना असेल तर ४ जीबीहून मोठी फाईल, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ, कॉपीच होणार नाही. इन्स्टॉलर सुरू करण्याआधी ती डिस्क काढून ठेवा. तिथे डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दिसतात आणि चुकीच्या नावावर क्लिक व्हायला वेळ लागत नाही.

ऑफिसचं आयटी
पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून मग फायली काढू, असं ठरवत असाल तर आधी विंडोजमध्येच तीन गोष्टी उरका.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर तो मालकाला न कळता चालू झालेला असू शकतो. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, किंवा एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू करायची सोय, बंद करा. तो चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स ते पार्टिशन (डिस्कचा तो भाग) फक्त वाचण्यापुरतं उघडतं. कधी उघडतच नाही. जबरदस्ती करू नका. परत विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून शट डाउन करा.

तिसरं वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण. फाईलवर ढगाचं चिन्ह असेल तर फाईल मशीनवर नाहीच, नुसतं नाव आहे. ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि हिरवी खूण येऊ द्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरही पुष्कळदा वनड्राइव्हच्या पोटात गेलेले असतात.

सीए ऑफिस
क्रोमचं प्रोफाइल फोल्डर उचललं तरी पासवर्ड येत नाहीत, कारण ते विंडोजच्या लॉगिनशी बांधलेले असतात. आधी एक्सपोर्ट करा, नव्या ब्राउझरमध्ये घ्या आणि ती फाईल लगेच पुसा, ती उघडी यादी असते. आउटलुकमध्ये पीओपी खातं (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) असेल तर पीएसटी ही आउटलुकची मेल साठवायची फाईल हीच एकुलती प्रत असू शकते. लिनक्सवर रीडपीएसटी हा प्रोग्रॅम तिचं एमबॉक्स, म्हणजे लिनक्सच्या मेल प्रोग्रॅमना वाचता येणारी फाईल, करून देतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून बॅकअप घ्या आणि दुसऱ्या विंडोज मशीनवर तो रिस्टोअर करून बघा. टॅली लिनक्ससाठी निघत नाही, तेव्हा एक विंडोज मशीन ठेवावंच लागेल.

डीटीपी
मराठी मजकुराच्या दोन अडचणी बाकी कुणी सांगणार नाही.

श्री-लिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर फॉन्टशिवाय निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फायली शाबूत असतात, वाचता येत नाहीत. विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर उचला, आणि ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या आतलं वापरकर्त्याचं वेगळं फॉन्ट्स फोल्डरही. त्याहून महत्त्वाचं : जुन्या मशीनवर असतानाच महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ काढा. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींची तर हमखास काढा.

दुसरी अडचण लांबलचक नावांची. विंडोज नावाला २५५ चिन्हं देतं, लिनक्सची ईएक्सटी४ ही डिस्कची रचना २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘प्रस्ताव’ दिसायला तीन अक्षरं, पण चिन्हं ८ आणि बाइट २४. ‘तालुकास्तरीय वार्षिक स्नेहसंमेलन निमंत्रणपत्रिका अंतिम दुरुस्त प्रत’ अशा थाटाच्या नावाला आणखी तीन-चार शब्द जोडले की कॉपी तिथेच अडते. आधीच आखूड करा.

शाळेची लॅब
कॉपी माउसने ओढू नका, रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची आज्ञा वापरा. फक्त तिचे पुनर्प्रयत्न १ वर आणा. मूळ सेटिंगमध्ये ती अडलेल्या फाईलसाठी दर ३० सेकंदांनी १० लाख वेळा प्रयत्न करते, म्हणजे अडकलीच. ‘मिर’ हा पर्याय देऊ नका, मूळ जागी नसलेलं तो प्रतीतूनही पुसतो. लॉग काढा आणि ‘फेल्ड’चा रकाना शून्य आहे का ते बघा. मग दुसऱ्या मशीनवर वीसेक फायली खरोखर उघडा, विशेषतः सर्वांत मोठ्या आणि सर्वांत जुन्या.

दुरुस्तीचं दुकान
एक राहिलं. परवडत असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. नवी एसएसडी बसवा, लिनक्स तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (ती बाहेरून यूएसबीने जोडता येईल अशा डबीत) घालून ठेवा. २.५ इंची साटा डिस्कचं केसिंग वेगळं. एम.२ या छोट्या पट्टीसारख्या एसएसडीमध्ये साटा आणि एनव्हीएमई हे जोडणीचे दोन्ही प्रकार येतात, तेव्हा डिस्कवरचं लेबल वाचून केसिंग घ्या. बिटलॉकर असलेली जुनी डिस्कही आजच्या लिनक्सवर उघडते, ती ४८ अंकी की मात्र हाताशी हवी.